काटा लाल खुणेवर गेला तेव्हा

सुट्टीत बाबांच्या जुन्या पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट घेऊन आम्ही घाट चढत होतो. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. गाडी थांबताच मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच बाबांनी मनगट धरलं. "भाजायचंय का?"

वर्गात शिकलेलं तेव्हा आठवलं. झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं, की दाब जातो आणि उकळतं पाणी अंगावर उडतं.

इंजिन बंद करून पाऊण तास थांबलो. मग पाहिलं, तर पाणी थोडंच कमी, गळती कुठेच नाही. सपाटीवर गाडी तापली नव्हती. तिथे वेगामुळे रेडिएटरला वारा मिळतो; चढावर सगळी भिस्त पंख्यावर. पट्टा दाबून पाहिला, तर ढिला! आमच्या गाडीत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून बाबांनी पट्टा ताणला, मी पाणी भरलं. माथ्यापर्यंत काटा मध्यावरच राहिला.

कॅडेट मित्रांनो, नुसतं पाणी ओतून निघालो असतो, तर पुढच्या चढावर पुन्हा अडकलो असतो. आधी थांबा, मग कारण शोधा.