दगडी घरांचा देश

मंडळी, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथल्या शोना लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ आहे दगडांची घरे. देशाला हे नाव कसे मिळाले, ते आज आपण पाहू.

या देशात 'ग्रेट झिंबाब्वे' नावाचे एक जुने शहर आहे. शहर ओस पडले, पण भिंती उभ्या आहेत. मोठ्या वाड्याची भिंत काही ठिकाणी ११ मीटर, म्हणजे सुमारे २४ हात उंच आहे. तिच्या सांध्यांत चुना नाही. कोकणात गडगा रचतात, तसा दगडावर दगड बसवला आहे.

शोनांच्या पूर्वजांनी हे शहर ११ व्या ते १५ व्या शतकात बांधले. ते गुरे पाळीत, सोन्याचा व्यापार करीत. तिथल्या मातीत चिनी भांड्यांचे तुकडे सापडले, काचेचे मणी सापडले. त्यांतले काही मणी आपल्या भारतातून गेलेले होते.

१८९० साली तिथे इंग्रजांचा अंमल बसला. गोरे म्हणू लागले, हे काळ्या माणसांचे काम नव्हे, बाहेरच्या कोणी तरी केले असेल. काहींनी सोन्याच्या लोभाने जमीन उकरली. मातीचे थर विस्कटले. हे थर म्हणजे जमिनीची चोपडीच! पाने फाडली, तर हिशेब कसा लागणार?

पण काही थर शाबूत राहिले. १९०५ साली रँडल-मॅकायव्हर यांनी आणि १९२९ साली केटन-थॉम्प्सन या बाईंनी तिथे खोदून तपास केला. दोघेही गोरेच, पण त्यांनी साफ सांगितले, की हे काम इथल्याच लोकांचे. सरकारला ते रुचले नाही. १९७० नंतरही खरी हकीकत छापू नये, म्हणून दडपण येई.

१८ एप्रिल १९८० रोजी देश स्वतंत्र झाला. ऱ्होड्स या गोऱ्या माणसावरून पडलेले 'ऱ्होडेशिया' हे नाव गेले आणि या भिंतींचे नाव देशाला मिळाले. तिथे सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर आला. १९८६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा ठरवली.

मंडळी, आपल्या गावाजवळही जुनी भिंत, कोरीव दगड असेल. तो घराच्या पायात घालू नका. आमचे सांगणे एवढेच, की दगड हलला की साक्षीदार गेला.

प्रश्न
१. झिंबाब्वे या नावाचा अर्थ काय?
२. मातीचे थर का विस्कटू नयेत?
३. तुमच्या गावात जुने बांधकाम कोणते? ते कोणी बांधले?