इरकली पदर आणि पोतीचा हार

माझ्या आज्जीचे हिरवे इरकली लुगडे घडीघडीवर विरले आहे. पदर तेवढा शाबूत आहे. तो कापून पिशव्या शिवायचे घरात ठरत होते. मला ते बघवेना. पदराची नक्षी बारीक काचमण्यांत, म्हणजे आपल्या पोतीत, विणून हार करावा असे मी मनात घेतले. त्या खटाटोपात रंगांविषयी जे समजले, ते येथे मांडते.

बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावच्या या लुगड्यात अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्हींचे धागे फासे घालून जोडतात, त्या जोडणीला कोंडी म्हणतात. पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढरी नक्षी. तिला 'टोपे तेनी' म्हणतात. 'तेने' म्हणजे कणीस, हे मला कन्नड विभागातल्या मैत्रिणीने सांगितले. इतकी वर्षे मी त्या नक्षीला नुसते 'दाते' म्हणत होते!

चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवणे सोपे गेले. मणी कमी होते, म्हणून दाते बारीक केले : एक लाल, एक पांढरा, पुन्हा एक लाल. हातात हार सुरेख दिसला. गळ्यात घालून मी सोप्यात उभी राहिले. आज्जी पलीकडूनच म्हणाली, "लाल कुठं गेलं गं? हे तर गुलाबी दिसतंय."

तिचे बरोबर होते. ठिपके फार लहान असले की लांबून डोळ्याला ते वेगळे काढता येत नाहीत आणि दोन रंगांचा मिळून तिसराच दिसतो. तेच रंग रुंद पट्ट्यांनी शेजारी ठेवले, तर उलट एकमेकांना उठाव देतात. लाल पदराशेजारी आज्जीच्या लुगड्याचे हिरवे अंग इतके गडद दिसते, त्याचे कारण हेच.

या दुसऱ्या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यास शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केला. 1824 मध्ये तो पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपटांच्या विणकामशाळेत रंगखात्याचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत काळा धागा फिका दिसतो, अशी तेथे तक्रार होती. त्याने ते सूत इतर ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून पाहिले, तर रंगात खोट नव्हती. दोष शेजाऱ्यांचा होता! निळ्याजवळ काळ्यावर नारिंगी झाक येते. 1839 मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मंगळसूत्रातली काळी पोत सोन्याजवळ इतकी खुलते, तीही याच नियमाने असावी असे मला वाटते. पिवळ्याच्या शेजारी काळ्यावर निळसर झाक येते, आणि काळा अधिक गहिरा भासतो. आमच्या बायकांनी ते शेव्हरलला विचारून ओवले नव्हते, हे सांगायला नकोच.

मग मी हार उसवला. दाते तीन-तीन मण्यांचे केले, दोन नक्ष्यांमध्ये सलग लाल पट्टा ठेवला. मणी दुप्पट लागले आणि दोन रविवार गेले. आज्जीने तो पदरावर ठेवून पाहिला, मग खिडकीशी नेऊन पाहिला.

"आता आलं लाल," ती म्हणाली. "पण हा त्या गुलाबी झंपरावर घालू नको हं. हिरव्यावर घाल."

पदर अजून कापलेला नाही.