कोकणकडा एका फोटोत बसवायचाय?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका क्लिकमध्ये मावत नाही. डावीकडची भिंत घेतली की उजवीकडची सुटते. म्हणून सात-आठ फोटो काढायचे आणि घरी येऊन जोडायचे. कॅमेऱ्यासोबत दोन मीटर लांब, जाड दोरा, एक रबरबँड, एक छोटं कुलूप आणि पाच रुपयांचं नाणं घ्या. हो, कुलूपच! कशाला ते कळेलच.

कड्यावर

१. दुपारी तीन-साडेतीनला तयार राहा. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी भिंत सावलीत असते. पण सूर्य फार खाली उतरायची वाट बघू नका, तो थेट फोटोत घुसेल.

२. काठापासून चांगली चार पावलं मागे, सपाट जागी उभे राहा. डोळा कॅमेऱ्यात आणि पाय फिरतायत, असं होणार आहे. इथे शौर्य नको.

३. पोलरायझर फिल्टर असेल तर काढा. नाहीतर आकाश अर्धं गडद निळं, अर्धं फिकट येईल.

४. कॅमेरा उभा धरा. आडवा धरलात तर लांबलचक, बुटकी पट्टी मिळेल.

५. 18-55 चा किट लेन्स 24 वर ठेवा. यापुढे झूमला हात लावायचा नाही.

६. डायल ‘एम’वर फिरवा.

७. आयएसओ 100 आणि अ‍ॅपर्चर एफ 8 ठेवा.

८. पश्चिमेच्या आकाशाकडे कॅमेरा वळवून शटर ठरवा, ढग पांढरेफटक होणार नाहीत इतपत. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा दरी बघून फोटो उजळ करतो, आकाश बघून गडद करतो आणि जोडल्यावर पट्टेच पट्टे दिसतात.

९. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा.

१०. लांबच्या कातळावर फोकस करा.

११. फोकस मॅन्युअल करून टाका. विसरलात तर एखाद्या फोटोत समोरचं गवतच तेवढं ठसठशीत येईल.

१२. लेन्सच्या पुढच्या टोकाला रबरबँडने दोरा अडकवा. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधून चालणार नाही.

१३. दोऱ्याला कुलूप बांधा, जमिनीपासून बोटभर वर राहील असं. हलकं काही बांधाल तर कड्याचा वारा ते झोपाळ्यासारखं हलवेल.

१४. कुलपाच्या बरोब्बर खाली नाणं ठेवा.

१५. लेन्ससमोर पंजा धरून एक फोटो काढा. घरी कार्ड उघडल्यावर मालिका कुठून सुरू झाली ते यावरून कळतं.

१६. अगदी डावीकडून पहिला फोटो काढा, वर आकाश आणि खाली दरी जरा जास्तच घेऊन. कडा नंतर कापाव्या लागतात.

१७. आता नाण्याभोवती पाय सरकवत उजवीकडे वळा. कुलूप नाण्यावरच राहिलं पाहिजे. स्वतःभोवती गिरकी घेतलीत तर लेन्सची जागा सरकते, जवळची झुडपं मागच्या डोंगरापुढून हलतात आणि जोडल्यावर एकेका फांदीच्या दोन होतात.

१८. आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा परत येईल अशा बेताने पुढचा काढा. एखादी चीर किंवा झाड खुणेला धरा.

१९. असंच शेवटच्या टोकापर्यंत जा. अर्ध्या वर्तुळाला सात-आठ फोटो पुरतात. सोबत्यांना मात्र बसवून ठेवा. माझा एक मित्र लाल टोपी घालून फिरत राहिला आणि एकाच फोटोत तीनदा उगवला!

२०. पुन्हा पंजाचा फोटो काढा.

लॅपटॉपवर

२१. ‘ह्युगिन’ हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे.

२२. ‘लोड इमेजेस’ दाबून मालिकेतले सगळे फोटो घ्या. पंजाचे दोन वगळा.

२३. ‘अलाइन’ दाबा आणि चहा टाका, याला वेळ लागतो. ढगांवरून खुणा जुळवल्या गेल्या असतील तर त्या काढून टाका. ढग दोन फोटोंच्या मधल्या वेळात सरकलेले असतात.

२४. प्रोजेक्शन ‘सिलिंड्रिकल’ निवडा. ‘रेक्टिलिनिअर’वर इतक्या रुंद फोटोची टोकं रबरासारखी ताणली जातात.

२५. क्षितिज केळ्यासारखं वाकलंय? ‘स्ट्रेटन’ दाबा.

२६. ‘ऑटोक्रॉप’ने कडेचा काळा भाग काढा.

२७. ‘क्रिएट पॅनोरमा’ दाबून टिफमध्ये साठवा.

२८. शंभर टक्के मोठं करून डावीकडून उजवीकडे सांधे तपासा, आधी जवळची झुडपं, मग भिंतीच्या चिरा. कुठे फांदी तुटलेली दिसली तर त्या दोन फोटोंमध्ये तुमचं कुलूप नाण्यावरून हललं होतं.