प्राणिवाचक वनस्पतिनामे : नामकरण आणि अर्थनिर्णय

मराठीतील रानवनस्पतींच्या नावांत साप, वाघ, उंदीर, मेंढा असे प्राणी वारंवार भेटतात. ही नावे म्हणजे लोककल्पनेचा विलास, असे मानून अभ्यासक पुष्कळदा पुढे जातात. कोशांतही त्यांचा अर्थ अनेकदा ‘एक वनस्पती’ एवढ्यावरच आटोपतो. वस्तुतः या नावांमागे निरीक्षणाची आणि वर्गीकरणाची एक पद्धती आहे. तिचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विचाराची पूर्वपीठिका संस्कृत निघंटुपरंपरेत सापडते. राजनिघंटूचा कर्ता नरहरी याने वनस्पतिनामांची सात कारणे सांगितली आहेत. रूढी, देशभाषेतील प्रयोग, लांछन, उपमा, वीर्य ही त्यांपैकी होत. मराठी नावांना ही कसोटी लावली असता एक गोष्ट स्पष्ट होते : प्राणिवाचक पद तेच असले, तरी त्याचे कार्य प्रत्येक नावात निराळे असते.

‘साप’ या पदाचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या प्रारंभी सह्याद्रीत उगवणाऱ्या सापकांद्याच्या फुलोऱ्यावरील आवरण फणा काढलेल्या नागासारखे दिसते. येथे नावाचा आधार उपमा हा आहे. सापसंद, म्हणजे आरिस्टोलोकिया इंडिका, या वेलीचे रूप मात्र सापासारखे नाही. सर्पदंशावर तिचा उपयोग होतो या समजुतीतून ते नाव आले. म्हणजे येथे आधार वीर्याचा. समासाचा विग्रह करून हा भेद कळत नाही. त्यासाठी वनस्पती आणि तिच्याशी निगडित लोकव्यवहार, दोन्ही ठाऊक असावे लागतात. कपिकच्छू या नावात माकड येते ते उपमान म्हणून नव्हे, तर खाजकुइलीच्या कुसांनी ज्याला खाज सुटते असा प्राणी म्हणून.

ध्वनिपरिवर्तनामुळे काही नावांतील प्राणी लुप्तही होतो. अश्वगंधेच्या मुळास घोड्यासारखा वास येतो, म्हणून ते नाव. परंतु मराठीतील ‘आस्कंद’ या रूपात घोडा उरलेला नाही, उलट ऐकणाऱ्यास ‘कंद’ असल्याचा भास होतो. याउलट आखुकर्णीची ‘उंदीरकानी’ झाली, तेव्हा शब्द बदलला, पण उपमा पारदर्शक राहिली. मेषशृंगीची कथा आणखी वेगळी. संस्कृतातील हे नाव सामान्यतः गुडमार या वेलीस लावतात. मराठीतील मेढशिंगी हा मात्र वाकड्या, लांब शेंगांचा वृक्ष आहे. नावाचे सातत्य म्हणजे वस्तूचे सातत्य नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

ही नामप्रक्रिया केवळ प्राचीन नाही. फड्या निवडुंग आणि वाघनखी या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील. अर्थात त्या येथे १४९२ नंतरच आल्या. तरीही एकीच्या चपट्या खोडात नागाचा फडा दिसला आणि दुसरीच्या फळावरील दोन आकड्यांत वाघाची नखे दिसली. याच फळात कोणास विंचू दिसला, म्हणून तिला ‘विंचू’ असेही म्हणतात. परक्या वनस्पतीला आपलेसे करण्याचे हे भाषेचे साधन होय.

तथापि या नावांतून मिळणाऱ्या ज्ञानाची मर्यादाही ओळखली पाहिजे. सापसंद हे नाव एका श्रद्धेची नोंद करते. गुणाची सिद्धता करीत नाही. या वनस्पतीतील आरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडास अपायकारक आणि कर्करोगजनक असल्याचे सिद्ध झाले आहे. विषारी सर्पदंशावर खरा उपाय प्रतिविषाचाच आहे. म्हणून कोशकाराने अशा नावाची नोंद करताना प्रदेश, वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि नामकरणाचा आधार या तीन बाबी स्वतंत्रपणे द्यावयास हव्यात. तसे झाले, तरच ‘एक वनस्पती’ या अर्थाआड लपलेला लोकांचा अनुभव अभ्यासकाच्या हाती लागेल आणि त्यातील समजूत कोणती व निरीक्षण कोणते, याचाही निवाडा करता येईल.