विश्वस्त झालेल्या भाचीला

चि. मुक्ता,

आप्पांच्या जागी संस्थेवर तुला विश्वस्त म्हणून घेतल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. बरं वाटलं. हारतुरे झालेच असतील, म्हणून तुझ्या पत्रातल्या मुद्द्याकडेच येतो. शाळेची रस्त्याकडेची बिगरशेती जागा एका बिल्डरला २९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायचा ठराव येतोय आणि कार्याध्यक्ष म्हणतात, ही काही विक्री नव्हे, धर्मादाय आयुक्तांकडे जायचं कारण नाही.

कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ काढून बघ. विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यांना धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागतेच. पण शेतजमीन १० वर्षांहून आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीनं भाड्यानं द्यायची तरी ती लागते. २०१७ च्या दुरुस्तीनं अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी मिळायची सोय झाली आहे, आणि कोणीतरी वकील बैठकीत ती दाखवेल. विमा उतरवलाय म्हणून कोणी चूल पेटती ठेवून गावाला जात नाही.

निकालपत्र वाच, असं मी सहसा कोणाला सांगत नाही. दहाव्या पानाला माणूस पेंगतो. पण सर्वोच्च न्यायालयाचे २०२२ चे दोन निकाल तू वाचावेस. दोन्ही मध्य प्रदेशातले असले तरी मुद्दा तोच, पूर्वमंजुरीचा.

एक इंदूरचा, जुलैमधला. अहिल्याबाईंनी देशभर घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या. इंदूर संस्थान विलीन झाल्यावर या वास्तूंच्या व्यवस्थेसाठी १९६२ मध्ये 'खासगी' नावाचा ट्रस्ट झाला. पुढे हरिद्वारला कुशावर्त घाटापाशी असलेली ट्रस्टची मिळकत मुखत्यारपत्राच्या वाटेनं विकली गेली. विश्वस्तांचं म्हणणं होतं की मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा आम्हांला लागू नाही, आणि पुरवणी दस्तानं आम्हांला विक्रीचा अधिकार दिलेला आहे. न्या. अभय ओक यांनी लिहिलेल्या निकालानं दोन्ही मुद्दे फेटाळले. ट्रस्ट सार्वजनिक आहे, नोंदणी करा; दस्तात अधिकार लिहिला असला तरी त्या कायद्याच्या कलम १४ ची पूर्वमंजुरी चुकत नाही. झालेले व्यवहार सार्वजनिक न्यासांच्या निबंधकांनी तपासायचे, ट्रस्टचं नुकसान दिसलं तर ते किती हे ठरवायचं, आणि ती रक्कम संबंधित विश्वस्तांनी भरायची. हे शेवटचं वाक्य कार्याध्यक्षांना मोठ्यानं वाचून दाखव. मात्र त्याच निकालानं या मिळकती सरकारच्या आहेत हा दावा मान्य केला नाही आणि उच्च न्यायालयानं आर्थिक गुन्हे शाखेकडे सोपवलेली चौकशीही रद्द केली, हेही लक्षात घे. न्यायालय विश्वस्तांना झोडपायलाच बसलेलं असतं, असं नाही.

दुसरा निकाल महूचा, त्याच वर्षीच्या जानेवारीतला. तिथल्या पारशी अंजुमनला आपली मिळकत विकायची होती. निबंधकांनी परवानगी नाकारली आणि उच्च न्यायालयानंही तीच री ओढली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र विश्वस्तांच्या बाजूनं कौल दिला. व्यवहारामुळे न्यासाच्या हिताला बाध येतो असं दिसत असेल तरच मंजुरी अडवता येते. विश्वस्तांनी विचार करून घेतलेल्या निर्णयाच्या जागी निबंधकानं स्वतःची आवड बसवायची नाही.

इंदूर ते महू जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. कायदा एकच, कलमही तेच १४. महूची मंडळी आधी विचारायला गेली, इंदूरला विकून झाल्यावर वाद उभा राहिला. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. जागा भाड्यानं देऊच नका, असं माझं म्हणणं नाही. शाळेला पैसा लागतो, पडीक जागेतून तो उभा राहिला तर उत्तमच. पण सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल घ्या, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, बंद लिफाफ्यात निविदा मागवा आणि कलम ३६ खाली अर्ज करा. हा बिल्डर खरंच चांगला भाव देत असेल तर त्याला जाहिरातीची भीती का वाटावी?

आता तुझ्या सहीबद्दल. आपल्याकडच्या संस्थांत अजून सर्रास चालतं ते असं: बैठक होतच नाही, शिपाई इतिवृत्ताचं रजिस्टर घरी घेऊन येतो, ठरावाची जागा कोरी असते आणि खाली पेन्सिलीनं फुली मारलेली असते, 'ताई, इथं करा.' तिथं सही करायची नाही. चहा दे आणि रजिस्टर परत पाठव. 'मी कार्याध्यक्षांवर सोडलं होतं' हा बचाव चालत नाही. विश्वस्ताला आपलं कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातच सांगून ठेवलंय. बैठकीत ठराव पटला नाही तर नुसतं गप्प बसू नकोस. 'माझा विरोध कारणांसह नोंदवावा' असं म्हण, आणि नोंदवलेलं वाचूनच सही कर. तुझ्या पत्रात आणखी एक ओळ होती, बिल्डरच्या कंपनीत खजिनदारांचा मुलगा भागीदार असल्याची. ते खजिनदारांनी स्वतः सांगावं आणि त्या विषयापुरतं बैठकीतून उठावं. विश्वस्तपदाशी विसंगत स्थान स्वीकारणं आणि मिळकतीचा गैरव्यवहार, या दोन्हींसाठी कलम ४१-ड खाली पदावरून दूर करता येतं. हे तू भांडणाच्या सुरात सांगू नकोस. ते तुझ्यापेक्षा वयानं मोठे आहेत, एकटे गाठून सांग.

आणि हे सगळं करायच्या आधी धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट-१ चा ताजा उतारा काढ. आप्पांचं नाव कमी करून तुझं लावायचा चेंज रिपोर्ट कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत दाखल करावा लागतो. तो दाखल झालाय की नाही, हे तुझ्या पत्रात कुठंच नाही.

तुझा,
मामा