फुप्फुसाचा कर्करोग आणि मृत्यूची नोंद

हातकणंगले तालुक्यात दीर्घकाळचा खोकला ही नवलाची गोष्ट नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापसाचे तंतू उडतात, विडी ओढणारे आहेत, क्षयरोगही आहे. अशा स्थितीत फुप्फुसाचा कर्करोग उशिरा ओळखला जाण्याचा संभव असतो. उपचारासाठी कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईस जाऊन आलेला रोगी घरीच मृत्यू पावला, तर दप्तरात ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढेच लिहिले जाऊ शकते. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते; त्यावरून रोगाचा बोध होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, मुळात फुप्फुसात उद्भवलेल्या कर्करोगास ‘सी ३४’ हा संकेतांक आहे. वरच्या खंडासाठी ३४.१, खालच्या खंडासाठी ३४.३, जागा लिहिलीच नसेल तर ३४.९. स्तनातून किंवा आतड्यातून फुप्फुसात पसरलेला कर्करोग मात्र ‘सी ७८.०’ ठरतो. हे दोन निराळे रोग होत. ‘प्रगत अवस्था’ या शब्दांना या वर्गीकरणात स्वतंत्र संकेतांक नाही. रोग मेंदूत पोचला असेल तर ‘सी ७९.३’, हाडांत पोचला असेल तर ‘सी ७९.५’ मूळ संकेतांकास जोडावा लागतो. क्ष-किरण चित्रात नुसता डाग दिसला, तर तो ‘आर ९१’. त्यास कर्करोग म्हणता येत नाही.

रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि अन्यत्र झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ आहे. त्यात वर तात्कालिक कारण, उदाहरणार्थ न्यूमोनिया, आणि सर्वांत खाली मूळ रोग लिहावयाचा असतो. आकडेवारी साधारणतः या खालच्या ओळीवरून तयार होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने हे प्रमाणपत्र विनामूल्य देऊन त्याची प्रत निकटच्या नातेवाइकास द्यावयाची आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात कागद येण्याची वाट न पाहता तेथील कार्यकर्ते गावोगावी गेले, लोकांशी बोलले. हातकणंगल्यातील घरांतही ऊतकपरीक्षेचा अहवाल बहुधा औषधांच्या पिशवीत पडून असतो. नमुना ४-अ भरणाऱ्या डॉक्टरांपुढे तो ठेवला, तर खालच्या ओळीत ‘दमा’ऐवजी खरा रोग, त्याची जागा आणि त्याचा प्रसार लिहिता येतो.