चेन्नईतील सार्वजनिक घरकुले : बांधणीनंतरच्या व्यवस्थापनाचा प्रश्न

२७ डिसेंबर २०२१ रोजी उत्तर चेन्नईतील तिरुवोत्तियूर येथे शासकीय वसाहतीतील २४ सदनिकांची एक इमारत कोसळली. भिंतींना गेलेले तडे रहिवाशांच्या वेळीच ध्यानात आल्यामुळे सर्व कुटुंबे आधीच बाहेर पडली होती आणि जीवितहानी टळली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात पुळियंतोप भागातील के. पी. पार्क या नव्याने बांधलेल्या बहुमजली वसाहतीत भिंतींचा गिलावा हात लावताच निघून येत असल्याचे उघडकीस आले आणि बांधकामाच्या गुणवत्तेची तपासणी आयआयटी मद्रासच्या तज्ज्ञांकडे सोपविण्यात आली. एक इमारत सुमारे तीन दशके वापरलेली, तर दुसरी नुकतीच ताब्यात दिलेली. दोन्ही वसाहती मात्र एकाच मंडळाच्या अखत्यारीतील. गरिबांसाठी किती घरे बांधली, हा आकडा प्रत्येक योजनेच्या अहवालात ठळकपणे दिलेला असतो. ती घरे पुढील तीस वर्षे कोणी, कोणत्या पैशातून आणि कोणत्या यंत्रणेमार्फत सांभाळावयाची, याचा तपशील त्या मानाने फारच त्रोटक असतो. चेन्नईचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

स्थापना आणि कायदा

तमिळनाडूत सर्वसाधारण गृहनिर्माणासाठी १९६१ पासून गृहनिर्माण मंडळ कार्यरत होते. झोपडपट्ट्यांसाठी स्वतंत्र मंडळ १९७० मध्ये, एम. करुणानिधी मुख्यमंत्री असताना स्थापन झाले. गरिबाच्या हास्यात ईश्वर पाहावा, या आशयाचे सी. एन. अण्णादुराई यांचे वचन मंडळाने आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले. पुढच्याच वर्षी ‘तमिळनाडू झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा व निर्मूलन) अधिनियम, १९७१’ हा कायदा झाला. महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदाही १९७१ चाच आहे, हा योगायोग परीक्षार्थींनी लक्षात ठेवावा. त्या काळी मद्रासमधील सर्व झोपडपट्ट्या सात वर्षांत नाहीशा करण्याचे उद्दिष्ट बोलले जात होते आणि शहराच्या मध्यवर्ती भागात, बहुधा मूळ जागेवरच, तीन-चार मजली चाळवजा इमारती उभारण्यावर भर होता. मरीना किनाऱ्यालगतच्या मच्छीमार वस्त्यांतील जुन्या इमारती याच काळातील होत.

या कायद्याचा गाभा त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. एखादे क्षेत्र ‘झोपडपट्टी’ म्हणून अधिसूचित झाले की तेथे पाणी, रस्ते, शौचालये इत्यादी सुधारणा करण्याचे दायित्व शासनावर येते आणि तेथील रहिवाशास मनमानी निष्कासनापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. १९७१ मध्ये मद्रासमधील १,२०२ वस्त्या अधिसूचित झाल्या आणि १९८५ मध्ये आणखी १७. त्यानंतरच्या दशकांत शहर कितीतरी पटींनी पसरले, पण अधिसूचना निघाल्याच नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार चेन्नई महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १३ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ २९ टक्के, झोपडपट्टीत राहत होते. अधिसूचनेच्या बाहेर राहिलेली वस्ती कायद्याच्या लेखी ‘सुधारणीय’ ठरत नाही. ती नदीकाठावरील, रस्त्याकडेची किंवा कालव्यालगतची ‘आक्षेपार्ह’ वस्ती ठरते आणि तिच्यासाठी स्थलांतर हा एकच मार्ग उरतो. पुढे चेन्नईच्या दक्षिण टोकाला ज्या प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या, त्यांचे एक मूळ या प्रशासकीय मौनात आहे.

धोरणाची वळणे

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात धोरण बदलले. बांधून द्यावयाच्या इमारतींचा खर्च शासनास झेपणारा नव्हता. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७७ मध्ये पहिला व १९८० मध्ये दुसरा मद्रास नगरविकास प्रकल्प सुरू झाला आणि १९८८ मध्ये तमिळनाडू नगरविकास प्रकल्प आला. आखलेला भूखंड व मूलभूत सोयी शासनाने पुरवाव्यात, घर मात्र कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवीत न्यावे, ही ‘जागा व सेवा’ कल्पना अरुंबाक्कम, विल्लिवाक्कम आणि कोडुंगैयूर येथे राबविली गेली. मुंबईतील चारकोप आणि गोराई या वसाहती याच कुळातील असून त्या १९८५ च्या मुंबई नगरविकास प्रकल्पातून आकारास आल्या. या पद्धतीत देखभालीचा प्रश्न मोठ्या प्रमाणात आपोआप सुटला, कारण सामाईक जिना नाही, सामाईक गच्ची नाही आणि घराची डागडुजी ही घरमालकाची स्वतःची बाब. आज या वसाहती शहराच्या इतर भागांत मिसळून गेल्या आहेत. सार्वजनिक गृहनिर्माणातील ही बहुधा सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत टिकाऊ कामगिरी म्हणावी लागेल.

नव्वदच्या दशकात जागतिक बँकेचे हे पर्व संपले, शहरातील जमिनीचे भाव वाढले आणि नद्या, कालवे, उड्डाणपूल यांच्या प्रकल्पांसाठी जागा मोकळ्या करण्याची निकड वाढली. २००० पासून जुन्या महाबलीपुरम मार्गालगत ओक्कियम तोरैपाक्कम येथे कण्णगी नगर उभे राहू लागले. तेथे पंधरा हजारांहून अधिक सदनिका बांधल्या गेल्या; सुरुवातीच्या सदनिकांचे क्षेत्रफळ जेमतेम २०० चौरस फूट होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे आणखी दक्षिणेस सेम्मंचेरी येथे हलविण्यात आली. ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या निधीतून पेरुंबाक्कमचा सुमारे वीस हजार सदनिकांचा, तळमजला अधिक सात मजले अशा इमारतींचा प्रकल्प आकारास आला. २०१५ च्या डिसेंबरातील महापुरानंतर अड्यार व कूवम या नद्यांच्या काठावरील कुटुंबांना येथेच घरे देण्यात आली. पेरुंबाक्कम पळ्ळिकरणै दलदलीच्या परिसरातील सखल भागात आहे. पुराच्या धोक्यातून सोडवून आणलेल्या कुटुंबांना पुन्हा पाणी साचणाऱ्या जागी वसविण्यात आले, ही विसंगती तेव्हापासून चर्चेत आहे.

इमारत चालविणे म्हणजे काय

तीन मजली चाळीत देखभाल म्हणजे रंगसफेदी, गळती आणि मैलावाहिनी. आठ मजली इमारतीत तिचे स्वरूप पूर्णपणे बदलते. तळाच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढविणारा पंप, त्याचा चालक, उद्वाहनाचा वार्षिक दुरुस्ती करार, वीज गेल्यास लागणारे जनित्र, जिन्यातील दिवे, अग्निशमनाची साधने, सांडपाणी प्रक्रिया केंद्र या सर्वांचा खर्च दर महिन्यास येतो आणि तो इमारत जुनी होण्याची वाट पाहत नाही. मजले वाढविल्याने जमिनीची बचत होते. ही बचत प्रकल्पाच्या भांडवली हिशेबात दिसते. उद्वाहन बंद पडल्यावर सातव्या मजल्यावर पाण्याची घागर वाहून नेणाऱ्या स्त्रीचे श्रम कोणत्याच हिशेबात येत नाहीत. पेरुंबाक्कममध्ये उद्वाहने वारंवार बंद पडण्याच्या तक्रारी सातत्याने येत राहिल्या. वृद्ध, गर्भवती व अपंग रहिवाशांसाठी अशा वेळी वरचा मजला जवळपास बंदिवास ठरतो. म्हणून सदनिकांचे वाटप करताना अशा कुटुंबांना तळमजला देणे हाही व्यवस्थापनाचाच भाग मानावा लागतो.

या खर्चाची वसुली कशी होणार? सदनिका बहुधा भाडे-खरेदी तत्त्वावर दिल्या जातात. कुटुंबाने मासिक हप्ता व देखभाल शुल्क भरावे, सर्व हप्ते फिटल्यावर विक्रीखत मिळावे, अशी व्यवस्था. प्रत्यक्षात थकबाकी साचते आणि तिची कारणे केवळ अनिच्छेत शोधणे योग्य नव्हे. शहराच्या मध्यभागी घरकाम, हमाली, मासळीविक्री करणारे कुटुंब २०-२५ किलोमीटर दूर गेले की प्रवासखर्च वाढतो आणि रोजगाराचे दिवस घटतात. घर मिळाले, पण मिळकत घटली, अशा अवस्थेत देखभाल शुल्क हीच सर्वांत आधी मागे पडणारी बाब असते. शुल्क थकले की दुरुस्ती लांबते आणि दुरुस्ती लांबली की उरलेले रहिवासीही शुल्क देण्याचे थांबवितात. अर्थशास्त्रात सामूहिक वस्तूंच्या बाबतीत ‘फुकट लाभार्थी’ची समस्या सांगितली जाते, तिचेच हे उदाहरण आहे, फरक इतकाच, की येथील लाभार्थ्यास लाभही धड मिळत नाही.

याच्या जोडीला नोंदीचा प्रश्न येतो. रोजगारासाठी मूळ वस्तीच्या आसपास भाड्याने परतलेली कुटुंबे मिळालेली सदनिका भाड्याने देतात किंवा मुखत्यारपत्राच्या आधारे दुसऱ्याकडे सोपवितात. मंडळाच्या यादीतील नाव एक आणि दारात राहणारा दुसरा. अशा सदनिकेचे शुल्क कोणाकडून मागावयाचे आणि रहिवासी संघात मत कोणाचे, हा पेच सोडविल्याशिवाय कोणतेही स्थानिक व्यवस्थापन उभे राहू शकत नाही.

सेवा आणि हद्दी

घर मंडळाचे, पाणी जलपुरवठा मंडळाचे, कचरा स्थानिक संस्थेचा, शाळा शिक्षण विभागाची, अंगणवाडी समाजकल्याण खात्याची, बस परिवहन महामंडळाची. रहिवाशास मात्र या सर्वांचा अनुभव एकाच दारात घ्यावा लागतो. कण्णगी नगर व सेम्मंचेरी हे भाग २०११ च्या हद्दवाढीत चेन्नई महानगरपालिकेत आले. पेरुंबाक्कम त्या हद्दवाढीतही बाहेरच, ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात राहिले. वीस हजार सदनिकांत प्रत्येकी चार माणसे धरली तरी ऐंशी हजारांची वस्ती होते. एवढ्या वस्तीचा भार पेलण्यासाठी ग्रामपंचायतीची यंत्रणा घडविलेली नसते. शिवाय जिल्हाही बदलतो. पेरुंबाक्कम पूर्वी कांचीपुरम आणि २०१९ पासून चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडते. त्यामुळे शिधापत्रिका, मतदारनोंद, विधवा व वृद्धांचे निवृत्तिवेतन यांचे हस्तांतरण ही प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र लढाई होऊन बसते.

स्थलांतराची वेळही महत्त्वाची आहे. कूवमकाठच्या सत्यवाणी मुत्तु नगरातील कुटुंबांना डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, पेरुंबाक्कमला हलविण्यात आले. मुलांना जुन्या शाळेत जाण्यासाठी रोजचा लांबचा प्रवास करावा लागला, तर काहींचे शिक्षणच खंडित झाले. परीक्षा तोंडावर असताना घर बदलणे मध्यमवर्गीय कुटुंब सहसा टाळते. हा साधा विचार सरकारी वेळापत्रकात बसविण्यास बराच काळ लागला.

प्रवासाच्या बाबतीत एक उपाय वेगळ्याच दिशेने आला. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या भाड्याच्या शहरी बसगाड्यांतून स्त्रियांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली. ही गृहनिर्माण योजना नव्हे. तथापि दूरच्या वसाहतींतून शहरात घरकामास जाणाऱ्या स्त्रियांच्या मासिक अंदाजपत्रकावर तिचा परिणाम कोणत्याही दुरुस्ती निधीइतकाच थेट झाला.

पत्त्याचा कलंक हा आणखी एक मुद्दा. कण्णगी नगरचा पत्ता सांगितल्यावर नोकरी किंवा कर्ज नाकारले गेल्याच्या तक्रारी तेथील तरुणांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. २०२० मध्ये तेथील इमारतींच्या भिंतींवर मोठी चित्रे रंगवून परिसराची प्रतिमा बदलण्याचा प्रयत्न झाला. २०२५ मध्ये बहारीनमधील आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय मुलींच्या कबड्डी संघात कण्णगी नगरची खेळाडू होती आणि त्या वेळी या वसाहतीचे नाव प्रथमच देशभर वेगळ्या कारणाने छापून आले.

न्यायालय, राज्यघटना आणि महाराष्ट्र

‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ (१९८५) हा निकाल विद्यार्थ्यांना परिचित असतो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. त्याच सुमारास ‘के. चंद्रू विरुद्ध तमिळनाडू राज्य’ या मद्रासच्या प्रकरणाचाही निकाल लागला आणि निष्कासनापूर्वी पर्यायी निवासाची सोय करण्याबाबतची राज्य शासनाची भूमिका न्यायालयाने नोंदवून घेतली. दोन्ही प्रकरणे एकत्र वाचल्यास एक बाब स्पष्ट होते. पर्यायी घर देण्याचे बंधन चर्चेत आले, पण त्या घराचे अंतर, सेवा व देखभाल यांचा दर्जा मोजण्याचे निकष तयार झाले नाहीत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणेचा विषय नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविला. चेन्नईत तो राज्यस्तरीय मंडळाकडेच राहिला आहे.

महाराष्ट्राने निराळी वाट धरली. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणामार्फत खासगी विकासकास जादा चटईक्षेत्र देऊन त्याच्याकडून मूळ जागेवर मोफत घरे बांधून घेण्याची पद्धत आली. रहिवाशांची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली जाते आणि देखभालीसाठी विकासकाकडून एकरकमी निधी घेतला जातो. मूळ जागा टिकते, हा तिचा मोठा गुण. परंतु उंच इमारतींचा मासिक खर्च त्या निधीच्या व्याजातून भागत नाही, ही अडचण मुंबईतही आहेच. सहकारी संस्थांची दीर्घ परंपरा महाराष्ट्राच्या पाठीशी होती; तमिळनाडूत रहिवासी संघटना बऱ्याच अंशी नव्याने घडवाव्या लागत आहेत.

२०२१ नंतरचे प्रयत्न

सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाचे नाव बदलून ‘तमिळनाडू नागरी अधिवास विकास मंडळ’ करण्याची घोषणा झाली. ‘निर्मूलन’ हा शब्द पन्नास वर्षांनी गेला. त्याच वर्षी पुनर्वसन धोरणाचा मसुदाही प्रसिद्ध झाला. ‘आपली वसाहत, आपली जबाबदारी’ अशा अर्थाच्या तमिळ नावाची योजनाही आखली गेली. तिच्यानुसार वसाहतींत रहिवासी कल्याण संघ नोंदवावयाचे, त्यांनी कुटुंबांकडून देखभाल शुल्क गोळा करावयाचे आणि शासनाने तितकाच वाटा त्यात घालावयाचा. सामाईक दिवे, पंप, सफाई, लहान दुरुस्त्या ही कामे संघाकडे, तर इमारतीच्या सांगाड्याची मोठी दुरुस्ती मंडळाकडे, अशी कामाची विभागणी त्यामागे आहे.

या रचनेत अभ्यासकांनी एका बाबीवर बोट ठेवावे. शासनाचा वाटा वसुलीच्या प्रमाणात मिळणार असेल, तर जेथे कुटुंबांची मिळकत स्थिर आहे आणि संघ सक्षम आहे, तेथेच अधिक पैसा जाईल. शहराच्या मध्यातील जुन्या, तीन मजली, कमी खर्चाच्या वसाहती त्यात पुढे राहण्याचा संभव अधिक. उद्वाहनावर अवलंबून असलेल्या, सर्वाधिक खर्चाच्या आणि नुकतेच रोजगार गमावलेल्या कुटुंबांच्या पेरुंबाक्कमला मात्र वसुलीही कमी आणि त्यामुळे शासकीय वाटाही कमी, अशी स्थिती संभवते. तिरुवोत्तियूरच्या घटनेनंतर जुन्या इमारतींची पाहणी करून धोकादायक वसाहती पाडून नव्याने बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा पुनर्बांधणीत सदनिकेचे क्षेत्रफळ वाढते आणि बहुधा मजलेही वाढतात. तेव्हा जुन्या चाळीत ज्या कुटुंबांना पंपाखेरीज कोणताच सामाईक खर्च नव्हता, त्यांच्या वाट्यालाही उद्वाहनाचे देयक येणार आहे.